पाचवं नख

भूल चढायला पाच मिनिटं लागतात. त्या पाच मिनिटांत पेशंट छताकडे बघतो आणि मी टपाल बघतो. एक्केचाळीस वर्षं हे असंच चाललंय. त्या बुधवारी खुर्चीत एक शिंपी होता, अक्कलदाढ काढायची म्हणून पांढराफटक पडलेला, आणि टपालात मुलीकडून आलेलं जाडजूड पाकीट होतं. वर तिच्या तिरप्या अक्षरातली चिठ्ठी: ‘बाबा, प्रुफं आली. आधी चौथं प्रकरण वाचा. शुक्रवारी छापायला जातंय.’ मी हातमोजे काढून चौथं प्रकरण उघडलं. उजव्या पानावर एकच छायाचित्र होतं, मूळ वस्तूच्या वीसपट मोठं केलेलं: चांदीचा एक पंजा, चांदीच्याच भिंतीला घट्ट धरलेला. पाच नखं. तिसऱ्या आणि चौथ्या नखाच्या बेचक्यात, सावलीत, एक बारीक गोलसर चर दिसत होता, आणि तो चर माझ्या ड्रिलचा होता. दातातली कीड खरवडायला मी रोज जे गोल टोक लावतो, त्याचा. दुसऱ्या कोणाला तो जुन्या कारागिराच्या छिन्नीचा वाटला असता. मला वाटणं शक्य नव्हतं. आपलं अक्षर आपल्याला कुठेही ओळखू येतं. शिंपी म्हणाला, ‘डॉत्तर, ओठ जाड झाला.’ मी म्हटलं, ‘होऊ दे आणखी थोडा,’ आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिलो.

मग मी डावं पान वाचलं. मुलगी वस्तुसंग्रहालयात धातूच्या दालनावर संशोधक आहे आणि लिहिते सरळ, फाफटपसारा नाही. तिने लिहिलं होतं: ‘या पेल्याचा कान म्हणजे पेल्यावर चढत जाणारा एक ड्रॅगन आहे. त्याच्या तीन पायांना प्रत्येकी चार नखं आहेत. चिनी कारागिरांनी परदेशी गिऱ्हाइकांसाठी घडवलेल्या चांदीत आपण अशीच अपेक्षा ठेवू. चौथ्या पायाला मात्र पाच नखं आहेत, आणि पाच नखांचा ड्रॅगन सम्राटाचा. हा पाय कानाच्या आड, पिणाऱ्याच्या नजरेला पडणार नाही अशा जागी आहे. ज्याचं नाव कुठेही नोंदलेलं नाही अशा एका माणसाने परक्याच्या बिअरच्या पेल्यावर आपल्या दरबाराची खूण लपवून ठेवली, असं मानायला जागा आहे.’ इथपर्यंत ठीक होतं. म्हणजे ठीक नव्हतं, पण सोसण्यासारखं होतं. खाली आणखी तीन ओळी होत्या. ‘पूर्ण पेल्यात हा पाय सर्वांत जिवंत आहे. बाकीचे तीन पाय पेल्याला टेकले आहेत, हा धरतो. ज्याने तो घडवला त्याने जिवंत पकड फार जवळून पाहिली होती.’

त्या तीन ओळी मी चार वेळा वाचल्या. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा वाचताना जे वाटलं ते निव्वळ सुख होतं. मला तरुणपणी शिल्पकार व्हायचं होतं. वडील म्हणाले, मूर्ती सगळ्यांना लागत नाहीत, दात सगळ्यांना असतात. आणि विषय संपला. त्यानंतर माझ्या हाताला कोणी काही म्हटलं असेल तर ‘दुखलं नाही हो’ एवढंच. सहासष्टाव्या वर्षी कोणीतरी छापील अक्षरांत म्हणत होतं की हा हात जिवंत आहे, आणि म्हणणारी माझीच मुलगी होती, आणि हात कोणाचा ते तिला माहीत नव्हतं. शिंप्याची दाढ मी काढली. चांगली काढली, तिन्ही मुळं अखंड आली. मुळं हातात धरून उलटसुलट बघताना मनात आलं की गप्प बसलं तर काय बिघडेल? तिचं पुस्तक होईल. प्रदर्शन होईल; त्याचं नावच तिने ‘पाचवं नख’ ठेवलंय. मी पहिल्या रांगेत बसून अज्ञात कारागिराचं कौतुक ऐकेन. कोणाचा दात दुखतोय त्यात? हा विचार मी शिंप्याच्या तोंडात कापसाचा बोळा घालेपर्यंत केला आणि मग माझा मलाच राग आला. शिंप्याला म्हणालो, ‘घट्ट चावून धरा आणि अर्धा तास बोलू नका.’ तो बिचारा मान हलवून गेला. मला मात्र बोलायचं होतं, हे तेव्हाच ठरलं.

ठरलं म्हणजे काय, तर भीती गेली असं नाही. त्यानंतर दोन पेशंट झाले, एक कवळीचा आणि एक शाळकरी पोरगी दातांच्या तारा घट्ट करायला आलेली, आणि मी सारखा त्या आठवड्यात जात होतो. तेहेतीस वर्षांपूर्वीचा आठवडा. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानामागे एका खोलीत एक म्हातारे जुन्या वस्तू विकायचे. गळ्यात कायम भिंग लटकलेलं, म्हणून आम्ही संग्राहक त्यांना भिंगकाका म्हणायचो. त्यांनी हा पेला फडक्यातून काढला आणि माझ्यापुढे पालथा ठेवला. आमच्यात वस्तू आधी पालथी बघायची असते, सुलटी नंतर. तोंडाकडे नवखे बघतात. बुडाशी दुकानाची रोमन अक्षरं होती आणि बाजूला, जरा तिरपा उमटलेला, एक छोटा चिनी ठसा. रोमन अक्षरं विकणाऱ्याची, ठसा घडवणाऱ्याचा. विकणाऱ्यांची नावंगावं सापडतात, घडवणाऱ्याचा फक्त तो ठसा. ‘लंगडा आहे म्हणून तुला,’ भिंगकाका म्हणाले. ‘धड असता तर हात लावू दिला नसता.’ ड्रॅगनचा पुढचा डावा पाय कोपरापासून तुटलेला होता. मी तो खुंट बघितला आणि मला तो दातच दिसला. मुळं शाबूत, वरचा भाग गेलेला. यावर काय करायचं ते मला माहीत होतं. रोज तेच करत होतो.

लोक विचारतात, ही चिनी चांदीच का? जुनी चांदी जमवायची तर दुसरी काय थोडी आहे? मी त्यांना काहीबाही सांगतो, घडणावळ वगैरे. खरं कारण असं की ही चांदी दोन्हीकडून पोरकी आहे. घाट परदेशी: चहादाणी, मिठाची वाटी, व्हिजिटिंग कार्डांची डबी, बोटींच्या शर्यतीत जिंकणाऱ्याला द्यायचा पेला. अंगावरचं काम मात्र घरचं: बांबूची पेरं, शेवंती, ढगांतून डोकं काढणारे ड्रॅगन. जिथे घडली तिथले लोक म्हणत राहिले की ही परक्यांची. जिथे गेली तिथले म्हणाले की प्रवासातून आणलेली गंमत आहे, कपाटात ठेवा. सुरुवातीच्या कारागिरांनी तर बुडाशी परदेशी शिक्क्यांची नक्कल मारून ठेवली आहे, जवळजवळ बरोबर, पण शिक्क्यातल्या सिंहाचं तोंड कुत्र्यासारखं आलंय. मला त्या कुत्र्यासारख्या सिंहाचा लळा आहे. चांदी महाग झाली त्या वर्षांत यातलं कितीतरी वजनावर गेलं आणि वितळलं. उरलं ते कोणाच्या तरी विसराळूपणामुळे उरलं, माळ्यावर, ट्रंकेच्या तळाशी. अशी वस्तू हातात घेतली की मला वाटायचं, कोणीतरी दिवसभर मान मोडून हे ठोकलं आणि संध्याकाळी त्यावर दुसऱ्याचं नाव उमटवलं. दंतवैद्याला हे कळतं. माझं सगळं काम लोकांच्या बंद तोंडात आहे.

मुलगी तेव्हा अकरा दिवसांची होती. बायको दमलेली, खोलीत पावडरीचा आणि दुधाचा वास, आणि मी पलंगाशेजारी छोट्या टेबलावर निळ्या मेणात पंजा कोरत बसलेला. ड्रॅगनचा दुसरा पाय समोर होता, त्यावरून नक्कल करायची एवढंच काम. पण नक्कल मेलेली येत होती. मग सहज मी डावी करंगळी मुलीच्या मुठीत दिली आणि तिने ती धरली. लहान बाळ कसं धरतं ते ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको. बोटं वाकतात, टोकं पांढरी होतात, आणि सगळं अंग त्या मुठीत येतं. मी करंगळी द्यायचो, बघायचो, हळूच सोडवून घ्यायचो, दोन रेघा कोरायचो, पुन्हा द्यायचो. दोन दुपारी असं चाललं. मग मेणाभोवती साचा ओतला, भट्टीत मेण जाळलं, मोडक्या चमच्याची चांदी वितळवून त्या पोकळीत सोडली. दाताची टोपी करतात तसंच. खुंटात भोक पाडून पिन बसवली, तीही दातात बसवायची, आट्यांची. डाग दिला, घासलं. नवी चांदी फार गोरी दिसत होती, म्हणून उकडलेल्या अंड्याचा बलक आणि पेला एका डब्यात झाकून ठेवले. दुसऱ्या दिवशी पंजा असा काळवंडला होता की दीडशे वर्षं कुठे गेली कळू नये. बायकोने पेला उजेडात धरला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, ‘अहो, ही तर आपल्या बाळाची मूठ आहे. आणि पाच बोटं कशी? बाकीच्यांना तर चार आहेत.’

मोजायचंच राहिलं होतं. बत्तीस दात रोज मोजणारा माणूस चार नखं मोजायला विसरला होता. आम्ही दोघं पोट धरून हसलो, मुलगी दचकून रडायला लागली. बदलायचं म्हणजे पुन्हा भोक, पुन्हा भट्टी. राहू दे म्हटलं. आणि खरं म्हणजे मला ते नख काढायचंच नव्हतं.

इथवर सगळं माफ आहे. मी स्वतःला इथवर माफ करून टाकलंय. पुढचं नाही. मुलगी सात वर्षांची असताना एका रविवारी कपाट पुसायला माझ्याबरोबर बसली होती. बोटाने मोजत मोजत तिने पायांचा फेरा केला आणि म्हणाली, ‘बाबा, यालाच पाच का?’ सांगायला काय हरकत होती? तुझी मूठ आहे म्हणालो असतो तर ती घरभर नाचली असती. पण तोवर चार संग्राहक घरी येऊन पेला बघून गेले होते, वाहवा करून गेले होते, आणि मी कोणालाच पाय नवा आहे हे सांगितलं नव्हतं. पोरीला सांगितलं की पोर बोलणार. म्हणून मी म्हणालो, ‘कारागिराचं काहीतरी गुपित असेल.’ ‘कोणतं?’ ‘ते तू मोठी होऊन शोध.’ तिने ते मनावर घेतलं. शाळेच्या वहीत ड्रॅगन काढायची, एका पायाला पाच नखं, बाण काढून खाली ‘गुपित’. पुढे धातूंचा अभ्यास, पुढे वस्तुसंग्रहालय. दोन वर्षांपूर्वी मी माझ्या त्रेचाळीस वस्तू तिथे देऊन टाकल्या, तेव्हा एक लांबलचक तक्ता भरून द्यायचा होता. शेवटचा रकाना: ‘दुरुस्ती अथवा फेरफार, असल्यास.’ मी त्रेचाळीस वेळा ‘नाही’ लिहिलं. हात जराही अडखळला नाही. तीस वर्षांची सवय होती.

दुपारी जेवताना मी बायकोपुढे प्रुफं ठेवली. ती शाळेत मुख्याध्यापिका होती. कागद समोर आला की लाल पेन शोधते. तिने तीन ओळी वाचल्या आणि चष्मा काढला.

‘किती छान लिहिलंय हो पोरीने.’

‘हो.’

‘आणि सगळं चूक.’

‘हो.’

‘मग?’

‘उद्या जाऊन सांगतो.’

‘फोन करा की आत्ताच.’

‘दात फोनवर काढता येत नाही,’ मी म्हणालो. ती हसली नाही. ताटातलं आवरत म्हणाली, ‘फक्त पायाचंच सांगणार?’ मी म्हणालो, ‘पुस्तकात पायच आहे.’ तिने नापास पोराकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. मी पाणी प्यायलो. म्हणालो, ‘एका वेळी एक दात.’ ‘तुमची मर्जी,’ ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी दवाखान्याच्या दारावर पाटी अडकवली आणि बस पकडली. बसमध्ये मी वाक्यं जुळवत होतो. पहिलं वाक्य कसं असावं? ‘बाळा, एक गंमत सांगतो’ हे वाक्य मी तीन थांबे घोळवलं आणि टाकून दिलं, कारण त्यात गंमत नव्हती. ‘माझ्याकडून एक राहून गेलं’ हेही खोटं. राहून काही गेलं नव्हतं, मी ठेवलं होतं. समोरच्या सीटवर एक माणूस तोंड उघडं टाकून झोपला होता. वरचे दोन दात किडलेले, हिरड्या सुजलेल्या. माणसाला झोपेत सगळं उघडं ठेवता येतं. मला वाटलं, उतरावं आणि परत जावं. पुस्तकं किती लोक वाचतात? चिनी चांदीवरचं पुस्तक वाचणारे शहरात असतील तीस जण, त्यातल्या अठरांना मी ओळखतो. पण त्या अठरांपैकी एखादा कधीतरी त्या पंज्यावर भिंग धरील, आणि त्याला तो चर दिसेल, आणि तो म्हणेल की संशोधकबाईंना बापाचं ड्रिल ओळखता आलं नाही. मी मेल्यावर म्हणेल. तेव्हा तिच्याकडे उत्तर नसेल आणि विचारायला मी नसेन. हे मनात आल्यावर परत जाण्याचा प्रश्न राहिला नाही. मी थांब्याच्या आधीच उठून दारापाशी उभा राहिलो.

धातूचं दालन तळमजल्यावर मागच्या अंगाला आहे. लांब टेबल, वर पांढरा दिवा, आणि त्या दिव्याखाली तो पेला: माझा, तिचा, वस्तुसंग्रहालयाचा. मुलगी पांढरे हातमोजे घालून बसली होती. मला बघून उठली, गालावर खळी पडली. ‘वाचलंत? चौथं? कसं झालंय?’

‘फार चांगलं झालंय,’ मी म्हणालो, ‘पण ते छापू नकोस. तो पाय मी केलाय.’

तिला आधी कळलंच नाही. ‘कोणता पाय?’

‘पाच नखांचा. तू अकरा दिवसांची होतीस. पाय तुटलेला होता, मी नवा बसवला. मोजायला चुकलो.’

ती खाली बसली. हातमोजे काढले, एकावर एक ठेवले. मग जे म्हणाली ते मी बसमध्ये घोळवलेल्या कोणत्याच संभाषणात नव्हतं. ‘बाबा,’ ती अगदी हळू, मोठ्या माणसाने लहानाला समजवावं तशी म्हणाली, ‘मी त्या कारागिराबद्दल असं लिहिलं म्हणून तुम्हाला वाईट वाटलंय का?’

‘मला कशाला वाईट वाटेल?’

‘तुम्ही आयुष्यभर म्हणत आलात, मला शिल्पकार व्हायचं होतं. आई सांगते. मला कळतं ते. पण म्हणून दुसऱ्याचं काम आपलं म्हणायचं?’

खरं बोलायला आलेल्या माणसावर चोरीचा आळ येईल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तिचं चुकत नव्हतं. मीच तिला शिकवलं होतं की हा पाय कारागिराचा; आता मीच येऊन म्हणत होतो की माझा. दोन वेळांपैकी एकदा मी खोटारडा होतो आणि तिने स्वतःला जास्त आवडणारा बाप निवडला होता, म्हणजे जुना. आणि एक सांगून टाकतो: त्या क्षणी सुटका समोर होती. ‘हो गं, म्हातारपण’ एवढं म्हटलं असतं तर तिने मला चहा पाजला असता, बसमध्ये बसवून दिलं असतं, आणि रात्री आईला फोन करून ‘बाबांकडे लक्ष दे’ म्हणाली असती.

‘खुंटात पिन आहे,’ मी म्हणालो. ‘आट्यांची. दातात बसवतात ती. क्ष-किरण काढ.’

‘बाबा, पुरे.’

‘काढ म्हणतोय ना.’ माझा आवाज चढला. पेशंटवर मी कधी आवाज चढवत नाही. ‘तू संशोधक आहेस ना? मग माझ्यावर विश्वास ठेवू नकोस आणि कारागिरावरही ठेवू नकोस. बघ.’

ती उठली. दोन्ही हातांत पेला धरून, माझ्याकडे न बघता, कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीत गेली, मी मागोमाग. तिथे यंत्रावर एक बाई होत्या, गोल चेहऱ्याच्या, पदराआड डबा लपवून खात असलेल्या. आम्हाला बघून डबा बंद केला. पेला आत ठेवला, दार लावलं, कुठल्यातरी बटणांशी खेळल्या. पडद्यावर पेला उमटला, राखाडी, भुतासारखा. ड्रॅगनचं अंग, पाय, शेपूट. बाईंनी डावा पाय मोठा केला. कोपराच्या आत, चांदीच्या मधोमध, एक सरळ रेघ होती आणि रेघेला दोन्ही बाजूंनी दाते होते, एकसारखे, यंत्राने पाडलेले.

‘हा तर स्क्रू आहे,’ बाई म्हणाल्या. मग आम्हा दोघांकडे बघून, ‘मी जरा हात धुऊन येते,’ म्हणून निघून गेल्या.

मी दरवर्षी हजारभर क्ष-किरण बघतो. लोकांच्या तोंडात मीच बसवलेल्या पिना मला दिसतात आणि मला समाधान वाटतं की अजून टिकल्यात. तीही टिकली होती. तेहेतीस वर्षं, केसभर हललेली नव्हती. मी ते मुलीला सांगितलं नाही. मी बाकीचं सांगितलं: मेण, चमचा, अंड्याचा बलक, तिची मूठ. ती मूठ सांगताना मला वाटलं होतं की तिचा चेहरा मऊ होईल. झाला नाही. ती पडद्यावरचे आटे मोजत असल्यासारखी बघत होती. मग मी कपाट पुसण्याचा रविवार सांगितला. ‘तू विचारलं होतंस यालाच पाच का. मी म्हणालो कारागिराचं गुपित. तुला आठवत नसेल.’

‘आठवतंय,’ ती म्हणाली. ‘तेवढंच तर आठवतंय.’

ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती भिंतीवरच्या फोनपाशी गेली आणि छापखान्याला फोन लावला. ‘चौथं प्रकरण थांबवा. नाही, दुरुस्ती नाही. काढायचंय. हो, पूर्ण. छायाचित्रासकट. नाव? प्रदर्शनाचं नाव नंतर कळवते.’ तिकडून कोणीतरी बरंच काही बोललं असावं; ती नुसती ‘हो, माहीत आहे’ म्हणत राहिली. दोन वर्षं लागली होती तिला त्या प्रकरणाला. मी ऐकत उभा होतो आणि माझे हात खिशात होते, आणि ते माझे हात आहेत हे मला फार जाणवत होतं.

फोन ठेवून ती पेला घेऊन परत टेबलापाशी आली. पांढऱ्या दिव्याखाली तो मधोमध ठेवला, कान माझ्याकडे करून. दालनाच्या तिन्ही भिंतींना काचेची कपाटं आहेत आणि त्यांत माझं सगळं आयुष्य मांडलंय: बांबूच्या पेरांची चहादाणी, शेवंतीच्या मिठाच्या वाट्या, कार्डांच्या डब्या, कुत्र्यासारख्या सिंहाचा शिक्का असलेला सुरईचा जोड. प्रत्येकाखाली तिच्या तिरप्या अक्षरात चिठ्ठी. तिने खुर्ची ओढून मला बसायला दिली. आवाज आता पुन्हा मुलीचा झाला होता, थकलेला. ‘चूक माझीही आहे,’ ती म्हणाली. ‘आधी यंत्राखाली घालून मग लिहायला हवं होतं. घरचीच वस्तू म्हणून मी तपासली नाही. आणि मी यावर लिहीन हे तुम्हाला तेव्हा काय माहीत?’ तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘जाऊ द्या, बाबा. तुम्ही सांगायला आलात. एवढ्या लांब. एक प्रकरण गेलं तर गेलं, बाकीचं पुस्तक उभं राहील.’ मग कपाटांवरून नजर फिरवत, जवळजवळ हसत, ती म्हणाली, ‘बाकी सगळं तर जसंच्या तसं आहे ना?’

तिला ‘हो’ हवं होतं. तिचा हात अजून माझ्या खांद्यावर होता, उबदार, आणि मी ‘हो’ म्हटल्यावर तो तसाच राहिला असता. एका वेळी एक दात, मीच म्हणालो होतो. त्रेचाळीस ओळी, त्रेचाळीस वेळा ‘नाही’.

‘नाही,’ मी म्हणालो. ‘आणखी अकरा आहेत.’

हात खांद्यावरून निघाला. ती टेबलाच्या पलीकडे गेली, खणातून तो लांबलचक तक्ता काढला, माझ्या सहीचा, आणि पेन्सिल घेतली. बसली नाही. ‘सांगा,’ ती म्हणाली.

मी उठून पहिल्या कपाटापाशी गेलो. ‘चहादाणी,’ मी म्हणालो. ‘झाकणाची कडी माझी आहे. लिही.’